पेन्सिल-कागदाची जपानी तर्ककोडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या प्रकारात नक्की कोणती कोडी येतात?

घरांचं एक जाळं, त्यात विखुरलेले मोजके आकडे किंवा गोल, तीन-चार ओळींत मावणारे नियम आणि उत्तर एकच. सुडोकू सगळ्यांच्या ओळखीचं आहे. त्याच्या पंक्तीला काकुरो, स्लिदरलिंक, नुरिकाबे, हितोरी, मास्यू, हाशिवोकाकेरो (थोडक्यात हाशी), शिकाकू, अकारी, हेयावाके, फिलोमिनो आणि आकड्यांवरून चित्र उमटवणारं नोनोग्राम ही मंडळी बसतात. भाषा यावी लागत नाही, सामान्यज्ञान लागत नाही. गणित म्हणाल तर काकुरोत एक आकडी संख्यांच्या बेरजा, बाकी ठिकाणी मोजणी.

ही सगळी मूळची जपानचीच का?

नाही. आजच्या रूपातलं सुडोकू हॉवर्ड गार्न्स या अमेरिकी वास्तुविशारदाने रचलं आणि ते १९७९ मध्ये डेल या प्रकाशनाच्या मासिकात ‘नंबर प्लेस’ म्हणून छापून आलं. जपानमध्ये ते १९८४ साली ‘निकोली’ या कोड्यांच्या नियतकालिकाने आणलं. दोन वर्षांनी निकोलीने स्वतःवर दोन बंधनं घालून घेतली: दिलेले आकडे ३२ पेक्षा जास्त नकोत आणि त्यांची मांडणी सममित हवी. पुढे नोव्हेंबर २००४ मध्ये हाँगकाँगचे निवृत्त न्यायाधीश वेन गूल्ड यांच्यामुळे ते लंडनच्या ‘द टाइम्स’मध्ये सुरू झालं आणि तिथून जगभर पसरलं. काकुरोचं मूळही अमेरिकेतल्या ‘क्रॉस सम्स’मध्ये आहे. स्लिदरलिंक, हितोरी, नुरिकाबे ही मात्र निकोलीच्या अंकांतून पुढे आलेली. माकी काजी यांनी सहकाऱ्यांसोबत १९८० मध्ये सुरू केलेल्या या नियतकालिकात वाचक स्वतः नवे प्रकार सुचवून पाठवत, आणि त्यातले कित्येक टिकले.

अंदाज न लावता सुटतात का?

नीट रचलेलं कोडं सुटतं. उत्तर एकच असल्यामुळे प्रत्येक रेघेला, प्रत्येक काळ्या घराला कारण असतं. ते कारण सापडत नाही तोवर घर कोरं ठेवायचं. ‘असंच असणार’ म्हणून भरलेलं एक घर पुढच्या वीस घरांत मुरतं आणि चूक लक्षात येईपर्यंत ती कुठे शिरली हे सांगता येत नाही.

कुठल्या कोड्याने सुरुवात करावी?

शिकाकू किंवा हाशी. शिकाकूत जाळं आयतांमध्ये वाटायचं असतं. प्रत्येक आयतात एकच आकडा आणि तो आकडा म्हणजे त्या आयतातली घरं. ७ दिसला तर आयत १×७ किंवा ७×१ एवढाच होऊ शकतो, म्हणून ५, ७, ११ अशा मूळ संख्या आधी धरा. १२ नंतर.

हाशीत आकड्यांची बेटं पुलांनी जोडायची. दोन बेटांमध्ये जास्तीत जास्त दोन पूल, पूल सरळ, एकमेकांना न छेदणारे, आणि शेवटी सगळी बेटं एकमेकांशी जोडलेली. ८ ला चारही बाजूंना दोन-दोन पूल. शेजारी तीनच असतील तर ६ चाही तोच न्याय, कोपऱ्यातल्या ४ चाही तोच. त्याहून एक कमी असेल, म्हणजे चार शेजाऱ्यांचा ७, तिघांचा ५ किंवा दोघांचा ३, तर प्रत्येक दिशेला निदान एक पूल नक्की. हा एक पूल लगेच आखून घ्यावा; तो इतरांची वाट अडवतो आणि तिथूनच कोडं उलगडायला लागतं.

सुडोकू येतं म्हणून थेट हेयावाके उघडू नका. सुडोकूत ‘सगळं एकसंध राहिलं पाहिजे’ असा नियमच नाही, आणि बाकीच्या निम्म्या कोड्यांचा जीव त्या नियमात आहे.

पेन्सिल कोणती, कागद कसा?

एचबी किंवा ०.५ मिमीची यांत्रिक पेन्सिल. २बी हाताला लागून पसरते, २एच कागदावर चर पाडते आणि खोडल्यावरही चर दिसत राहतो. कोडं छापून घेत असाल तर घर निदान ८ मिमीचं ठेवा. शक्यता लिहायच्या असतील तर १० मिमी. गुळगुळीत, चकचकीत कागदावर शिसं धरत नाही. रंगीत पेन्सिल मोहात पाडते, पण ती धड खोडली जात नाही.

खुणा कशा करायच्या?

जे आहे त्याची खूण सगळेच करतात. जे नाही त्याची खूण करणारा पुढे जातो. स्लिदरलिंकमध्ये रेघ येऊच शकत नाही अशा कडेवर छोटी फुली, नुरिकाबे आणि हितोरीत नक्की पांढऱ्या घरात ठिपका, नोनोग्राममध्ये रिकाम्या घरात फुली, घरांत दिवे ठेवायच्या अकारीत दिवा नको असलेल्या घरात ठिपका. कोरं घर म्हणजे ‘अजून ठरलेलं नाही’, आणि ठिपक्याचं घर म्हणजे ‘ठरलंय, रंगवायचं नाही’. हे दोन वेगळे दिसले नाहीत तर तोच विचार दहा वेळा करावा लागतो.

खुणा छोट्या ठेवा. गच्च भरलेल्या फुल्यांच्या गर्दीत रेघ हरवते.

स्लिदरलिंक कुठून सुरू करायचं?

नियम असे: ठिपके जोडत एकच बंद वळसा काढायचा. तो स्वतःला छेदत नाही, त्याला फाटे फुटत नाहीत. घरातला आकडा सांगतो की त्याच्या चार कडांपैकी किती कडांवर रेघ आहे. आकडा नसलेल्या घराभोवती कितीही चालतात.

सुरुवात ० आणि ३ जिथे शेजारी असतील तिथून करा. समजा ३ वर आहे आणि ० त्याच्या बरोबर खाली. ० च्या चारही कडांवर फुल्या पडल्या, म्हणजे दोघांमधली कड गेली. ३ ला उरलेल्या तीन कडा घ्याव्याच लागतात: डावी, वरची, उजवी. आता ३ च्या खालच्या डाव्या ठिपक्याकडे पाहा. वरून रेघ आली, उजवीकडे फुली, खाली फुली. रेघ तिथे थांबू शकत नाही, म्हणून ती डावीकडे जाते. उजव्या ठिपक्यावर तसंच, उजवीकडे. एका जोडीतून पाच रेघा मिळाल्या. शिवाय ३ च्या वरच्या दोन कोपऱ्यांवर रेघेचं वळण पूर्ण झालेलं आहे, म्हणून तिथून बाहेर जाणाऱ्या कडांवरही फुल्या. हीच जोडी वरच्या काठाला लागून आडवी, शेजारी-शेजारी असू शकत नाही, कारण काठावरच्या ठिपक्यात रेघ अडकेल. तशी दिसली तर कोडं उतरवून घेताना चूक झाली आहे.

तिरके ० आणि ३: दोघांच्या सामायिक ठिपक्याला मिळणाऱ्या ३ च्या दोन्ही कडांवर रेघ.

शेजारी दोन ३: मधली कड आणि तिला समांतर असलेल्या दोन्ही टोकांच्या कडा, अशा तीन रेघा नक्की. मधल्या रेघेच्या दोन्ही टोकांच्या पुढे, त्याच सरळ रेषेत, फुली. कारण मधली कड सोडली तर दोन घरांभोवती सहा कडांचा छोटा वळसा तिथेच बंद होतो आणि बाकीचे आकडे उपाशी राहतात.

तिरके दोन ३: एकमेकांपासून लांबच्या कोपऱ्यातल्या दोन-दोन कडा.

जाळ्याच्या कोपऱ्यातला ३: काठाच्या दोन्ही कडांवर रेघ. कोपऱ्यातला १: त्याच दोन कडांवर फुली. कोपऱ्यातला २: रेघ नेमकी कुठे हे लगेच कळत नाही, पण कोपऱ्याच्या ठिपक्यापासून काठाने पुढे दोन्ही बाजूंच्या शेजारी घरांच्या काठांवर रेघ नक्की येते.

एवढ्या ओळखीच्या मांडण्यांवर सोपं कोडं अर्ध्याहून जास्त उभं राहतं. मधल्या पातळीच्या कोड्यात इथेच गाडी थांबते.

गाडी थांबली की काय करायचं?

या कोड्यांत नियम दोन जातींचे असतात. एक जवळचा: स्लिदरलिंकमध्ये या घराभोवती तीन रेघा, नुरिकाबेत या बेटात चार घरं. दुसरा अख्ख्या जाळ्याचा: स्लिदरलिंकमध्ये वळसा एकच, नुरिकाबेत पाणी सलग, हितोरीत पांढरी घरं एकसंध. अडलेला माणूस बहुतेक वेळा पहिल्या जातीचे नियम पुन्हा पुन्हा तपासत बसलेला असतो. आकड्यांवरून नजर उचला आणि पूर्ण जाळं पाहा.

स्लिदरलिंकमध्ये त्याचे तीन उपाय. पहिला: एकाच रेघेची दोन टोकं एका कडेच्या अंतरावर आली की त्या कडेवर फुली, कारण वळसा आत्ताच बंद होईल. अपवाद फक्त शेवटच्या रेघेचा. दुसरा: घरांना ‘आत’ आणि ‘बाहेर’ अशा हलक्या खुणा करा. जाळ्याबाहेर सगळं ‘बाहेर’. रेघ ओलांडली की बाजू बदलते, फुली ओलांडली की तीच राहते. दोन दूरच्या भागांचा संबंध यातून असा जुळतो की नुसत्या कडा पाहून तो दिसलाच नसता. तिसरा: सम-विषम. कुठल्याही उभ्या स्तंभातल्या आडव्या कडांवरच्या रेघा मोजा, त्यांची संख्या समच येणार. ७ घरांच्या स्तंभात ८ आडव्या कडा असतात; ७ ठरल्या आणि त्यांत रेघा ३ असतील तर आठवी रेघच.

नुरिकाबेत हाच प्रश्न ‘पाण्याचा हा तुकडा कुठून बाहेर पडेल?’ असा विचारायचा. हितोरीत ‘हे घर काळं केलं तर कोपरा तुटेल का?’ असा.

काकुरोत बेरजा पाठ कराव्या लागतात का?

टोकाच्या तेवढ्या आल्या की पुरे. काकुरोत प्रत्येक आडव्या-उभ्या पट्टीत १ ते ९ मधले आकडे असे भरायचे की त्यांची बेरीज दिलेल्या संख्येएवढी होईल. एका बेरजेत आकडा पुन्हा येत नाही, म्हणून खूप लहान आणि खूप मोठ्या बेरजांना एकच गट लागू पडतो:

- २ घरं: ३ = १, २; ४ = १, ३; १६ = ७, ९; १७ = ८, ९
- ३ घरं: ६ = १, २, ३; ७ = १, २, ४; २३ = ६, ८, ९; २४ = ७, ८, ९
- ४ घरं: १० = १, २, ३, ४; ११ = १, २, ३, ५; २९ = ५, ७, ८, ९; ३० = ६, ७, ८, ९

असे दोन गट जिथे एकमेकांना छेदतात तिथे कोडं फुटतं. दोन घरांचा आडवा ४ आणि दोन घरांचा उभा ३ घ्या. आडव्यात १ किंवा ३, उभ्यात १ किंवा २. सामायिक घरात १ च बसतो. मग आडव्यातलं दुसरं घर ३, उभ्यातलं दुसरं २.

दुसरी युक्ती कमी लोक वापरतात आणि ती जास्त उपयोगी आहे. जाळ्याचा एखादा कोपरा एकाच घराने बाकीच्या भागाशी जोडलेला असेल तर आडव्या बेरजा आणि उभ्या बेरजा वेगवेगळ्या मिळवा. समजा वरच्या ओळीत तीन घरांचे २३, खालच्या ओळीत चार घरांचे १४, एकूण ३७. पहिले तीन स्तंभ दोन-दोन घरांचे, १०, १२ आणि ११, एकूण ३३. खालच्या ओळीतलं चौथं घर स्तंभांच्या बेरजेत नाही, ओळींच्या बेरजेत आहे. म्हणून तिथे ४. बाकी एकही घर भरलेलं नसताना.

नुरिकाबेत पाणी आणि बेटं यांचा घोळ होतो. क्रम काय ठेवावा?

प्रत्येक आकडा म्हणजे एक पांढरं बेट, आकड्याचं स्वतःचं घर धरून तितक्या घरांचं. (स्वतःचं घर न मोजणं ही नवख्यांची पहिली चूक.) दोन बेटं कडेने चिकटत नाहीत, कोपऱ्याने चालतात. उरलेलं सगळं पाणी: ते सलग हवं आणि कुठेही २×२ चा डोह नको.

आधी १ च्या चारही बाजूंना पाणी. मग दोन आकड्यांच्या मध्ये एकच घर असेल तर ते पाणी. दोन आकडे तिरके असतील तर दोघांना लागून असलेली दोन्ही घरं पाणी. नंतर पोहोच पाहा: ४ चं बेट आकड्यापासून जास्तीत जास्त ३ पावलं जातं, आणि वाटेत दुसऱ्या बेटाला चिकटता येत नसल्याने बरेचदा त्याहूनही कमी. कुणाच्याच पोहोचीत नसलेलं घर पाणी. मग डोह: २×२ पैकी तीन घरं पाणी झाली की चौथं जमीनच, आणि ती कुठल्या आकड्याची हे शोधायचं. बहुतेक वेळा तिथे एकच आकडा पोहोचू शकतो, आणि त्याची वाटही ठरून जाते.

मोजणीही हाताशी ठेवा. १०×१० च्या जाळ्यात आकड्यांची बेरीज ४३ असेल तर पाण्याची घरं ५७. शेवटच्या टप्प्यात हा हिशेब कामी येतो.

हितोरीत कोणती घरं काळी करायची हे कसं कळतं?

इथे जाळं आकड्यांनी भरलेलंच मिळतं, त्यातली काही घरं काळी करायची. उरलेल्या पांढऱ्या घरांत कुठल्याही ओळीत वा स्तंभात आकडा दोनदा येऊ नये, काळी घरं कडेने शेजारी येऊ नयेत आणि पांढरी घरं तुटू नयेत. सलग तीन सारखे (५ ५ ५) दिसले तर मधला पांढरा, बाजूचे काळे. ५ २ ५ अशी मांडणी असेल तर मधला २ पांढरा, कारण दोन्ही ५ पैकी निदान एक काळा होणारच. सलग दोन सारखे असतील तर त्यांतला एक पांढरा राहणार, म्हणून त्याच ओळीतला तिसरा ५ कुठेही असो, काळा. इथे घर काळं केलं की त्याच क्षणी चारही शेजाऱ्यांवर ठिपका ठेवायचा. हे नंतरवर टाकलं की विसरतं. काळ्या घरांची तिरकी साखळी एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत पोहोचली की जाळ्याचे दोन तुकडे झाले.

मास्यूत आकडेच नाहीत, मग पकडायचं काय?

वळसा घरांच्या मधून जातो. काळ्या गोलावर तो वळतो आणि दोन्ही बाजूंना पुढच्या घरातून सरळ जातो. पांढऱ्यावर सरळ जातो आणि आधीच्या किंवा नंतरच्या, निदान एका घरात वळतो. काळा गोल काठावर किंवा काठापासून दुसऱ्या ओळीत असेल तर त्याची रेघ काठाकडे जाऊ शकत नाही. उलट दिशेला सलग दोन घरं नक्की. लागून असलेले दोन काळे एकमेकांपासून दूर जातात. सलग तीन पांढरे असतील तर रेघ तिन्हींना त्यांच्या रांगेशी काटकोनात ओलांडते. एवढं करून पुन्हा ‘वळसा एकच’ याकडे वळायचं.

नोनोग्राममध्ये चित्र ओळखून भरलं तर?

चित्र ओळखीचं वाटलं म्हणून भरलेली घरं हमखास दगा देतात. नाकाचं टोक एक घर डावीकडे असतं. मोजूनच भरा. ओळीला दिलेला आकडा म्हणजे तितक्या सलग काळ्या घरांचा पट्टा. १० घरांच्या ओळीत ७ असेल तर तो पट्टा डाव्या टोकाला सरकवा (१ ते ७), उजव्या टोकाला सरकवा (४ ते १०). ४ ते ७ ही घरं दोन्हीकडे आहेत, ती नक्की काळी. ‘४ ३’ असेल तर लागणारी जागा ४ + १ + ३ = ८, मोकळीक २. मोकळिकीपेक्षा मोठा पट्टा असेल तेवढीच घरं नक्की होतात: ४ मधली दोन (तिसरं, चौथं) आणि ३ मधलं एक (आठवं). मोकळीक पट्ट्याएवढी किंवा जास्त असेल तर त्या ओळीत वेळ घालवू नका.

हा प्रकार १९८७ च्या सुमारास जपानमध्ये नोन इशिदा आणि तेत्सुया निशियो यांनी स्वतंत्रपणे रचला.

सुडोकूत सगळ्या शक्यता लिहून काढाव्यात का?

सुरुवातीलाच नको. आधी ‘या ३×३ च्या चौकोनात ५ कुठे बसेल?’ असं एकेका आकड्याला विचारत जा. चौकोनात जागा दोनच उरल्या तर त्या दोन घरांच्या कोपऱ्यात बारीक ५. त्या दोन्ही एकाच ओळीत असतील तर त्या ओळीत चौकोनाबाहेर ५ नाही. हे संपल्यावरच पूर्ण शक्यता लिहा आणि जोड्या शोधा: ओळीतल्या दोन घरांत फक्त ३ आणि ८ उरले की बाकीच्या घरांतून ३ आणि ८ खोडा. शक्यता लिहिण्याचा खरा धोका पुढे असतो. आकडा भरला आणि ओळ, स्तंभ, चौकोन या तिन्हींतून तो खोडला नाही, तर शिळी यादी बिनचूक वाटत राहते.

‘असं धरून पाहू’ ही पद्धत चालते का?

चालते, शिस्तीने. जिथे दोनच पर्याय आहेत आणि दोन्हींचे परिणाम पटकन दिसतील अशी जागा निवडा. एक पर्याय धरा, पुढची पावलं अगदी हलक्या हाताने, वेगळ्या खुणेने काढा. विसंगती आली तर दुसरा पर्याय खरा. विसंगती आली नाही तर काहीच सिद्ध झालं नाही. इथेच फसगत होते. ‘चार पावलं बरोबर बसली म्हणजे हेच’ असं मानून लोक हलक्या खुणा गडद करतात. त्याऐवजी दुसरा पर्यायही धरून पाहा. दोन्हींत जे घर सारखंच येतं ते पक्कं, मग पर्याय कुठलाही खरा असो.

आठ-दहा पावलं जाऊनही काही हाती लागलं नाही तर सोडून द्या. जागा चुकीची निवडली आहे.

चूक झाली हे कळलं. सगळं खोडू?

विसंगती जिथे दिसते तिथे चूक क्वचितच असते. आधी नियमाची ठरलेली ठिकाणं तपासा: तिरकं घर शेजारी धरलं का, बेटाचं स्वतःचं घर मोजलं का, एखाद्या ठिपक्याला तीन रेघा मिळाल्या का, छोटा वळसा बंद झाला का. सापडलं नाही तर प्रत्येक रेघेला ‘ही का?’ विचारत सुरुवातीपासून फिरा. ज्या रेघेचं कारण आकड्यांवरून सांगता येत नाही तिथून पुढचं खोडा. मोठ्या कोड्यात निम्मं झाल्यावर मोबाइलने फोटो काढून ठेवला तर परत यायला जागा मिळते.

‘उत्तर एकच आहे’ हेच कारण म्हणून वापरलं तर?

सुडोकूतलं नेहमीचं उदाहरण: दोन ओळी, दोन स्तंभ आणि दोनच चौकोनांत मिळून चार रिकामी घरं, आणि चौघांतही फक्त ३ व ८. मग ३-८ ची अदलाबदल करून दोन उत्तरं होतील. म्हणून चारांपैकी एकात तरी तिसरा आकडा हवा. कोड्याचं उत्तर एकच असल्याची खात्री असेल तर हा तर्क बिनचूक आहे, आणि शर्यतीत सर्रास वापरतात. फक्त त्याने उत्तर एकमेव असल्याचं सिद्ध होत नाही. स्वतः रचलेलं कोडं तपासताना तो वापरायचा नाही.

सगळ्या कोड्यांना लागू पडेल असं एखादं सूत्र आहे का?

नाही. सुडोकू, स्लिदरलिंक, नुरिकाबे ही कितीही मोठ्या जाळ्याच्या सामान्य रूपात एनपी-पूर्ण आहेत हे सिद्ध झालं आहे. म्हणजे मोठ्या जाळ्यांसाठी हमखास झटपट चालणारी रीत आजवर कुणाला माहीत नाही. कागदावरचं १०×१० सुटतं, कारण रचणाऱ्याने वाट ठेवलेली असते.

स्वतः कोडं रचायचं तर?

स्लिदरलिंक घ्या, ७×७ पुरे. आधी वळसा काढा, मग सगळ्या घरांत आकडे भरा. आता एक-एक आकडा काढत जा आणि दर वेळी कोऱ्या जाळ्यावर, वळसा न पाहता, सोडवून पाहा. अंदाज लावावा लागला तर शेवटचा काढलेला आकडा परत ठेवा. आकडे कमी म्हणजे कोडं अवघड असं मात्र समजू नका. सुडोकूत १७ पेक्षा कमी दिलेल्या आकड्यांनी उत्तर एकमेव होऊच शकत नाही, हे गणितज्ञ गॅरी मॅक्ग्वायर यांच्या गटाने २०१२ मध्ये संगणकाने सगळे पर्याय तपासून दाखवलं. तरी १७ आकड्यांची कित्येक सुडोकू साध्या युक्त्यांनी सुटतात, आणि २५ आकड्यांची काही घाम फोडतात. रचून झालं की कोडं दुसऱ्या कुणालातरी सोडवायला द्या. वळसा तुम्हाला माहीत असल्याने तुमचा हात आपसूक बरोबर दिशेला जातो, आणि वाट नसलेली जागा तुम्हाला दिसत नाही.